एक फरशी कमी

आधी नुसतेच ठिपके होते.
पांढऱ्या चौकटीत एकशे बेचाळीस ठिपके,
कडेला अक्षांश-रेखांशांचे आकडे,
बाकी कशाला कशाचा आधार नाही.
टेबलावर मोहरी सांडली असती
तरी इतपतच दिसलं असतं.

हे ठिपके बाबांचे.
मे महिन्यात अकरा दिवस आम्ही मिठावरून चाललो,
माझ्या हातात जीपीएस,
त्यांचे हात खिशात.
चालता चालता थांबायचे,
टाचेनं मिठाचा पापुद्रा फोडायचे.
"इथं काराची लागायचा, थंडीच्या दिवसांत.
इथं एवारिस्तोची होडी उलटली.
इथं जाळं टाकायचं नाही, खाली दगड आहेत."
खाली दगड होते.
मी बटण दाबत गेले.

आता ओरुरोत, माझ्या भाड्याच्या खोलीत,
ते लॅपटॉपसमोर बसलेत, डोक्यावरची टोपी तशीच.
"हे कुठलं गं, निएवेस?"
थांबा बाबा, म्हटलं, खाली जमीन घालते.
आणि एक ओळ लिहिली:
ठिपक्यांखाली जगाचा नकाशा अंथर.

चौकटभर समुद्र आला.
गर्द, बिनकाठाचा, आफ्रिकेच्या कुशीतला,
जिथे दोन्ही शून्यं एकमेकांना छेदतात.
आमचे अंश त्यानं मीटर समजून मोजले होते,
सगळं तळं नेऊन टाकलं होतं
कुठल्या कुठे, मुठीएवढ्या जागेत.
बाबा खो खो हसले.
"चला, बोलिव्हियाला समुद्र मिळाला एकदाचा!"

मग अंशांचे मीटर केले. प्रतल बदललं.
झूम सोळा मागितलं तर सर्व्हर गप्पच;
बारावर आले.
आता गवंड्यानं एकेक फरशी बसवावी तसं
कुठून कुठून चौकोन यायला लागले,
दोनशे छप्पन्न ठिपके लांब, तेवढेच रुंद,
नेट मध्येच धापा टाकणारं.
जी फरशी येणार नाही ती सोडून पुढे जा,
असं मीच लिहून ठेवलं होतं.

चित्र उमटलं.
रस्ते पिवळे, खाणींचे डोंगर करडे, गावांची नावं,
आणि मधोमध पोओपो.
निळं.
काठोकाठ निळं,
आणि त्यात बाबांचे ठिपके जिथल्या तिथे,
एकही काठावर आलेला नाही.

बाबांनी टोपी काढली.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
इथे पोहरा भरलेला होता.

मी घाईनं सांगायला लागले
की हा नकाशा जुन्या रेषांवरून बनतो,
कुणीतरी कधीतरी काठ आखतो, मग तो तसाच राहतो,
की मी उपग्रहाचं चित्र घालू शकते, एक शब्द बदलून,
नगरपालिकेला तेच द्यायचंय,
की निळा फिका करता येतो, हे बघा, शून्य पूर्णांक चार—

ते ऐकत नव्हते.
त्यांचं बोट पडद्यावर फिरत होतं,
बंदरापासून निघून, दगड टाळून,
बोटाला वल्ह्याची सवय,
वळणावर जरासं मागे रेटून.
मग एका जागी अडलं.

तळ्याच्या पोटात एक चौकोन आलाच नव्हता.
न उतरलेली फरशी:
कोरी, पांढरी, कडा सरळ कापलेल्या,
आत सात ठिपके.

नेट गेलं मध्येच, म्हटलं. पुन्हा चालवते.
माझं बोट बटणावर.

"राहू दे," बाबा म्हणाले.
"एवढाच बरोबर आलाय."

खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत
नकाशा काढणाऱ्यांचं श्रेय होतं.
ते त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं, दोनदा,
मग टोपी घातली
आणि शेवटची बस किती वाजता म्हणून विचारलं.